इसब : मलमाआधी नाव कळू द्या

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खाजेची पत्रे वाढतात. या महिन्यात तर बहुतेक पत्रांत ‘इसब’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी आला आहे. कोणी तळहाताच्या भेगांना इसब म्हटले आहे, कोणी गजकर्णाला, आणि एका पत्रात तो शब्द कोडाच्या भीतीशी जोडलेला आहे. म्हणून इसब कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये हे ज्यांतून उमजेल, अशी काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या दोन्ही गालांवर खरखरीत चट्टे येतात, कधी त्यांतून पाणी येते आणि खपली धरते. आता कोपरांच्या बाहेरच्या बाजूला आणि नडग्यांवरही तसेच दिसते. रात्री तो गाल माझ्या खांद्यावर घासत राहतो. सासूबाई म्हणतात की अंगात उष्णता आहे, डाळीच्या पिठाने चोळून आंघोळ घालावी. हा इसब आहे का? माझ्या खाण्यात काही चुकते आहे का? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : बाळाला तपासल्याशिवाय शिक्का मारणे योग्य नव्हे, तरी तुम्ही लिहिलेल्या चार ओळींत निदानाचा बराचसा भाग येऊन गेला आहे. इतक्या लहान बाळाला नेम धरून खाजवता येत नाही, म्हणून ते गाल घासते, पाय एकमेकांवर चोळते, झोपेत चुळबुळते. खाज हे इसबाचे पहिले लक्षण आहे, इतके की जिथे खाजच नाही तिथे इसबाचे निदान करताना मी दोनदा विचार करतो. दुसरी खूण जागेची. पहिल्या वर्षात गाल, कपाळ आणि हातापायांची बाहेरची बाजू, दोन-तीन वर्षांनंतर कोपराच्या आतली घडी, गुडघ्याची मागची खोबण, मनगट आणि मान, असा या इसबाचा प्रवास असतो. आज बाळाचे दुपटे बदलताना एक गोष्ट पाहा : लंगोटाखालची कातडी बहुधा चांगली, मऊ असेल. तिथे ओलावा टिकतो, आणि या आजाराचे मूळ दुखणे ओलावा न टिकणे हेच आहे. घरात कोणाला दमा आहे का, सकाळी उठल्यावर शिंकांची सरबत्ती कोणाला होते का, आई-वडिलांपैकी कोणाला लहानपणी असेच चट्टे होते का, हेही आठवून डॉक्टरांना सांगा.

इसब हा एक आजार नसून आजारांचे एक घराणे आहे. त्याचे इंग्रजी नाव एक्झिमा ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ उकळून वर येणे असा आहे, आणि दूध उतू जावे तसे बारीक फोड वर येऊन लस वाहू लागलेली कातडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे नाव पटते. आपल्याकडची जुनी माणसे ओल्या, चिघळणाऱ्या चट्ट्याला ‘उकवत’ म्हणतात. तुमच्या बाळाला जो असावा असे वाटते, तो या घराण्यातला थोरला, ॲटॉपिक इसब, म्हणजे दमा-शिंकांसारख्या ॲलर्जीच्या प्रवृत्तीबरोबर घराण्यात चालणारा. कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, पण तो जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा बांधलेला असतो : पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. हा चुना कमी पडला की आतले पाणी बाहेर उडून जाते, बाहेरचे साबण, धूळ आणि जंतू आत शिरतात आणि शरीराची संरक्षणयंत्रणा तिथे दाह निर्माण करते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांना हा इसब होण्याची शक्यता बरीच वाढते, हे २००६ मध्ये दिसून आले. मात्र जनुक सदोष असूनही ज्यांची कातडी ठणठणीत आहे आणि जनुक निर्दोष असूनही ज्यांना इसब आहे, अशी माणसे पुष्कळ आहेत; तेव्हा कोणाच्या माहेरचा किंवा सासरचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिच्यामुळे अनेकांचे निदान उशिरा होते. पुस्तकांतील आणि मोबाइलवरील चित्रांत इसब लालबुंद दिसतो, कारण ती चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर तोच दाह तपकिरी, जांभळट किंवा राखेच्या रंगाचा दिसतो. कित्येकदा रंगाचा फरक जाणवतही नाही; फक्त अंगावर काटा आल्यासारख्या बारीक पुळ्या पोटावर आणि पाठीवर उठलेल्या असतात. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा. बोटांची मागची बाजू बाळाच्या गालावरून आणि मग पोटावरून फिरवा. एका ठिकाणी साय आणि दुसऱ्या ठिकाणी लाकडाचा रंधा न मारलेला तुकडा, असा फरक लागला तर त्या खरखरीत जागी दाह आहे असे समजावे. बरे झाल्यावर मागे काळपट किंवा फिकट डाग राहतो. तो अनेक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आपोआप जातो. त्याला आजार समजून मलम चोळत राहू नये.

डाळीचे पीठ मात्र आजच बंद करा. सासूबाईंचा हेतू प्रेमाचा आहे, पण पीठ चोळल्याने उरलासुरला चुनाही खरवडला जातो. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटपा, फेसाळ साबण टाळा, पंचाने न घासता टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सुवास नसलेले जाडसर मलम सर्वांगाला लावा. साधी पेट्रोलियम जेलीही चालते आणि ती महागड्या डब्यांपेक्षा कमी काम करते असे नाही. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलो मलम सहज लागते, हे ऐकून पालक दचकतात. वीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली तर उपयोग का झाला नाही, याचे उत्तर त्या ट्यूबमध्येच असते. खोबरेल चालेल, मोहरीचे आणि हल्ली भेट म्हणून येणारे ऑलिव्हचे तेल नको, कारण ते वरचा थर आणखी सैल करते. आणि आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत तुमच्या घरी असेल, तर ती दोन कारणांनी सोडा : धुराने कातडी आणि श्वासनलिका दोन्ही चिडतात, आणि जेली मुरलेले कपडे ठिणगीने फार झपाट्याने पेट घेतात.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. तुम्ही दूध, अंडी, शेंगदाणे सोडू नका आणि सहा महिन्यांनंतरचे बाळाचे वरचे अन्नही अडवू नका. खऱ्या अन्न-ॲलर्जीत पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. तसे काही घडले तर ते लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवा. एरवी अंदाजाने पथ्ये धरली तर इसब तसाच राहतो आणि बाळाचे वजन तेवढे घटते.

चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला, किंवा ताप येऊन अंगावर टोचणीने पाडल्यासारखे एकाच आकाराचे दुखरे व्रण एकदम उठले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. हे शेवटचे लक्षण नागिणीच्या जातकुळीतल्या एका विषाणूचे, ओठांवर ‘जर’ म्हणजे बारीक फोड आणणाऱ्या हर्पीसचे असू शकते, आणि इसब असलेल्या बाळांत तो वणव्यासारखा पसरतो. म्हणूनच ओठावर जर आलेल्या पाहुण्यांना बाळाचा पापा घेऊ देऊ नये. याबाबत भिडेखातर गप्प बसू नका.

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर काम करतो. बोटांच्या बेचक्यांत आणि हातांच्या पाठीवर कातडी फाटते, आग होते. कधी बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे फोड येतात. गणपतीत दहा दिवस सुट्टी होती तेव्हा हात जवळजवळ बरे झाले होते. साहेब म्हणतात की ही उष्णता आहे. (एक कामगार, नागाव)

उत्तर : सुट्टीत हात बरे झाले होते, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील तेच सर्वांत मोलाचे आहे. कामावर वाढणारा आणि रजेत ओसरणारा हाताचा इसब हा बहुतेक वेळा स्पर्शजन्य असतो, म्हणजे हाताला लागणाऱ्या एखाद्या पदार्थामुळे उठतो; तो दुसऱ्याला लागत नाही. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ॲलर्जी नसतेच. कूलंट (यंत्रावरचे काम थंड ठेवणारे द्रव), साबण, पाणी रोज तासन्‌तास लागून कोणाचीही कातडी झिजते. दुसऱ्यात शरीर एखाद्या विशिष्ट पदार्थावर रुसते, आणि मग तो पदार्थ चिमूटभर लागला तरी एक-दोन दिवसांनी तिथे पुरळ उठतो. मधल्या या उशिरामुळेच माणसाला खरा गुन्हेगार सापडत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका फिटरचा हात मला आठवतो. बोटे आपल्याला वाटतात तशी तेलकट नव्हती, उलट खडूसारखी पांढरी आणि कोरडी ठणठणीत होती, आणि प्रत्येक पेऱ्यावर केसाएवढी चीर होती, जिच्यात काळी रेघ बसलेली होती. कूलंटबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर त्याने जाता जाता सांगितले की, पाळी संपली की सगळे जण थिनरने हात धुतात. कूलंटने जे आठ तासांत व्हायचे ते थिनर दोन मिनिटांत करत होते. तुमच्याकडेही असे काही चालत असेल तर आधी ते थांबवा. सौम्य साबण, नंतर जाडसर मलम, आणि हातमोजे घालायचे ते फिरत्या यंत्रापासून दूर असतानाच, कारण मोजा यंत्राच्या फिरत्या पकडीत (चकमध्ये) अडकून होणारा अपघात इसबाहून कितीतरी वाईट.

साबुदाण्यासारखे फोड हे तुमचे वर्णन अचूक आहे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही तीच उपमा आहे. तळहात आणि बोटांच्या कडांना येणाऱ्या या प्रकाराला पॉम्फोलिक्स म्हणतात. ते फोड सुईने फोडू नयेत. चार ते सहा आठवडे काळजी घेऊनही फरक पडला नाही, तर पॅच टेस्ट करून घ्यावी : संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात, आणि काढताना एकदा व पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी पाहतात. ती रक्ताच्या ॲलर्जी-चाचणीपेक्षा निराळी असते, आणि या तक्रारीत रक्ताच्या चाचणीचा उपयोग होत नाही.

याच धर्तीच्या इतर पत्रांना इथेच उत्तर देतो. गवंड्यांना ओल्या सिमेंटमधील क्षार आणि क्रोमियम बाधते. खोट्या दागिन्यांखाली, घड्याळाच्या मागे आणि बेंबीखाली जीनच्या बटणाच्या जागी पुरळ असेल तर निकेलचा संशय घ्यावा. टिकलीच्या जागी पुरळ येऊन मग पांढरा डाग पडत असेल तर दोष टिकलीच्या डिंकाचा असू शकतो. टिकली तत्काळ बंद करावी. चपलेविषयी विचारणाऱ्या महाद्वार रोडवरील वाचकांना सांगायचे तर, पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, क्रोमियम वापरून नव्हे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेवर लगेच आळ घेऊ नका. पायाच्या पाठीवर नेमका पट्ट्याच्या आकाराचा पुरळ असेल, तर क्रोमियमने कमावलेले स्वस्त कातडे, रबर किंवा चिकटवण्याचे सोल्युशन यांतले काय वापरले आहे ते पाहावे. शेतकऱ्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या काळवंडून जाड होत असतील तर बांधावरचे गाजर गवत आठवावे. १९५०च्या दशकात पुण्याकडे ते लक्षात आले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे कण हवेतून बसतात, म्हणून हनुवटीखाली आणि कानामागेही पुरळ येतो. उन्हाने येणारा पुरळ या सावलीतल्या जागा बहुधा सोडतो.

प्रश्न : मुलीला इसब आहे. वसतिगृहातील मैत्रिणी तिच्या शेजारी झोपायला तयार नाहीत. इसब लागतो का? (एक पालक, गडहिंग्लज)

उत्तर : नाही. स्पर्शाने, टॉवेलने, एका ताटात जेवल्याने, कशानेही लागत नाही. तुम्ही तिच्या अधीक्षिकांना डॉक्टरांकडून तसे लेखी द्या. मात्र त्या खोलीतल्या आणखी कोणाला रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज सुटत असेल, आणि बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती पुळ्या असतील, तर ती खरूज आहे. ती लागते, आणि खोलीतल्या सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच दिवशी औषध लावले तरच जाते.

प्रश्न : मी तालमीत कुस्तीचा सराव करतो. मांडीवर आणि कमरेवर गोल चट्टा उठला. औषधाच्या दुकानातून इसबाचे म्हणून मलम आणले. चार दिवसांत खाज गेली, पण बंद केले की दुप्पट वाढते. आता पाठीपर्यंत गेले आहे. (एक पैलवान, कागल)

उत्तर : हा बहुधा इसब नाहीच, हे गजकर्ण आहे. त्याची कड उंचावलेली आणि खवल्यांची असते, ती बाहेर सरकत जाते आणि मधली कातडी निवळत जाते. नाण्यासारख्या गोल इसबात मात्र चट्टा मधोमधही तितकाच खरखरीत किंवा ओला असतो. अंगाला अंग घासणारी कुस्ती, घाम आणि न वाळलेला लंगोट यांत बुरशीला मोकळे रान मिळते. तुम्ही वापरलेल्या मलमात स्टिरॉइड असणार. ते दाह दाबते, म्हणून खाज थांबते. पण बुरशीला मारणारे शरीराचे बळही तिथेच दाबले जाते, आणि बुरशी निवांत पसरते. वर तिचे रूपही पालटते, कड पुसट होते, आणि मग अनुभवी डॉक्टरलाही ती ओळखताना अडचण येते.

हा प्रकार मी रोज पाहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून सहा-सात पिळलेल्या ट्यूबा टेबलावर ओतल्या जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांत स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची एकत्र खिचडी असते. अशा अनेक स्टिरॉइड मलमांचा समावेश केंद्र सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत केला. चिठ्ठी मागणारे दुकानदार आहेत तसे न मागणारेही आहेत, हे सांगायला नको. खरे तर निदान पाच-दहा मिनिटांचे आहे : कडेचा कोंडा पात्याने खरवडून काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. तपासणीला जाताना ट्यूबा बरोबर न्या, टाकून देऊ नका. सराव काही आठवडे थांबवा, जोडीदारांनाही तपासून घ्यायला सांगा, लंगोट रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि चट्टा गेला म्हणून औषध मध्येच सोडू नका.

हे वाचून ज्यांना खरोखर इसब आहे त्यांनी स्टिरॉइडची धास्ती घेऊ नये. योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, ठरवून दिलेले दिवस लावले तर ते आजही इसबावरचे पहिले औषध आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा आणि पापण्या यांसाठी सौम्य मलम किंवा टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेले मलम देतात. पायाचे मलम गालाला लावण्याची चूक घरोघरी होते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट पांढरे डाग आहेत. शाळेत सांगितले की जंत झाले आहेत, नातेवाईक कोडाची शंका घेतात. (एक आजी, जयसिंगपूर)

उत्तर : बहुधा दोन्ही नव्हे. कडा पुसट, रंग फिकट पण अगदी खडूसारखा पांढरा नाही, आणि वरून किंचित कोंडा, असे असेल तर तो इसबाचाच अगदी सौम्य प्रकार आहे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, गुळगुळीत आणि स्पष्ट कडेचा असतो. जंताचे किंवा कॅल्शियमचे औषध या डागांसाठी देऊ नका; साधे मलम आणि उन्हात टोपी पुरेशी आहे. रंग भरून यायला काही महिने लागतात. डागावर संवेदना कमी वाटली तर मात्र त्वरित दाखवा, कारण कुष्ठरोग त्या वाटेने येतो.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. लक्ष्मीपुरीत दुकानात चाळीस वर्षे उभे राहून काम केले. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली आहे, खाजते, पाणी येते. त्यांनी त्यावर बिब्बा लावला आणि आता जखम झाली आहे. (एक मुलगा, लक्ष्मीपुरी)

उत्तर : बिब्ब्याने कातडी भाजते, तो पुन्हा लावू देऊ नका. हा इसब कातडीतून नव्हे, शिरांतून उगवलेला आहे. पायातील शिरांच्या झडपा सैल पडल्या की रक्त वर चढण्याऐवजी घोट्यापाशी साचते. तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यांतल्या लोहाने कातडी तपकिरी-काळी होते, आणि मग सूज, खाज, लस असा क्रम लागतो. संध्याकाळी मोज्याच्या किंवा चपलेच्या पट्ट्याचा खळगा पायावर उमटतो का आणि सकाळी तो नसतो का, ते पाहा. वरवरच्या मलमाने खाज कमी होईल, पण साचणे थांबले नाही तर तिथे व्रण होतो, आणि तो भरायला महिने लागतात.

आता जखम आहे, म्हणून घरी उपचार न करता त्यांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा तुमच्या सोयीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्तातील साखरही तपासून घ्या. पायाला दाब देणारे मोजे हा या आजारावरचा मुख्य उपाय आहे, पण ते दुकानातून परस्पर आणू नका. आधी पायाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह पुरेसा आहे याची तपासणी व्हावी लागते, कारण तो कमी असताना दाब दिला तर पायच धोक्यात येतो. तोवर वडील बसतील तेव्हा पाय लोंबकळत राहू देऊ नका. दुसऱ्या खुर्चीवर उशी ठेवून, टाच छातीच्या पातळीच्या वर येईल अशा बेताने त्यांना आडवे होऊ द्या, आणि घोटा वर-खाली हलवत राहायला सांगा.